तेल, धुकं आणि मौन: पर्ल हार्बरच्या मोहिमेचा प्रकरण अभ्यास

पर्ल हार्बरची गोष्ट सांगताना बहुतेक जण ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळपासून सुरुवात करतात. हवाई बेटांतल्या या अमेरिकी नौदल तळावर ७:५५ ला जपानी विमानांचा हल्ला सुरू झाला, 'ॲरिझोना' या युद्धनौकेचा स्फोट झाला, दोन तासांत बंदरातल्या आठही युद्धनौकांना मार बसला. पण या मोहिमेचा सर्वांत अवघड भाग तोवर संपलेला होता. तीसेक जहाजांचा ताफा ऐन हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधून बारा दिवस चालत आला. यातल्या निम्म्याहून अधिक लढाऊ जहाजांकडे जाऊन परत येण्याइतकं इंधन नव्हतं. तरीही हा ताफा हवाईच्या उत्तरेला २३० सागरी मैलांवर पोचला आणि विमानं उडेपर्यंत तो तिथे आहे हे अमेरिकेतल्या कुणालाच कळलं नाही.

हे कसं जमलं, हा या लेखाचा विषय. रसद आणि गुप्तता ही दोन वेगळी खाती म्हणून बघायची सवय आपल्याला असते: एक पुरवठा अधिकाऱ्याचं, दुसरं गुप्तवार्तावाल्यांचं. या मोहिमेत ती एकाच दोरीची दोन टोकं होती. तेलाची सोय करावी तर ताफा दिसण्याचा धोका वाढे. लपून राहावं तर मार्ग लांबे, समुद्र खवळलेला मिळे आणि तेल आणखी लागे. मोहिमेचा प्रत्येक मोठा निर्णय या ओढाताणीतून निघाला, शेवटचा वादग्रस्त निर्णयसुद्धा.

पल्ला कमी पडणारं आरमार

जपानी नौदलाची आधीची वीस-तीस वर्षांची युद्धकल्पना अगदी उलट होती. अमेरिकेचं आरमार पॅसिफिक ओलांडून आपल्याकडे येईल, वाटेत पाणबुड्या आणि विमानं त्याला झिजवतील, आणि मग जपानच्या जवळच्या पाण्यात एकच निर्णायक लढाई होईल, असा तो हिशेब होता. जहाजं त्याच हिशेबाने बांधलेली होती. तोफा जास्त, टॉर्पेडो जबरदस्त, वेग भरपूर आणि इंधनाच्या टाक्या मात्र बेताच्या. घराजवळ लढायचं असेल तर लांबचा पल्ला हवाच कशाला?

संयुक्त आरमाराचे सरसेनापती ॲडमिरल यामामोतो इसोरोकू यांनी १९४१ च्या सुरुवातीला ही कल्पना उलटी केली. अमेरिकेचं आरमार १९४० पासून कॅलिफोर्निया सोडून हवाईत ठाण मांडून होतं. जपानला दक्षिणेकडे, म्हणजे मलाया, फिलिपिन्स आणि डच ईस्ट इंडीजच्या तेलाकडे सरकायचं असेल तर डाव्या कुशीतला हा सुरा आधी काढायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. योकोहामा ते होनोलुलू हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३,४०० सागरी मैल. तिथवर जाऊन हल्ला करून परत यायचं.

टोकियोतल्या नौदल प्रमुखालयाला हे पटत नव्हतं. ॲडमिरल नागानो ओसामी आणि त्यांच्या अधिकाऱ्यांच्या आक्षेपांची यादी आज वाचली तर त्यात भित्रेपणा दिसत नाही, साधा हिशेब दिसतो. एवढ्या लांब जाताना भर समुद्रात तेल भरावं लागेल, ते हिवाळ्यात जमेलच याची खात्री नाही. एखादं व्यापारी जहाज जरी आडवं आलं तरी सगळं फुटेल. आणि विमानवाहू नौका तिकडे गुंतल्या तर दक्षिणेच्या मोहिमेला हवाई संरक्षण कोण देणार? सप्टेंबरमध्ये टोकियोच्या नौदल महाविद्यालयात नकाशावर डाव खेळून पाहिला, त्यात पहिल्या फेरीत ताफा आधीच दिसला आणि जबर नुकसान झालं.

ज्यांनी ताफा न्यायचा होता ते व्हाइस ॲडमिरल नागुमो चुइची स्वतः साशंक होते. नागुमो टॉर्पेडो आणि विनाशिकांच्या (डिस्ट्रॉयर, लहान वेगवान लढाऊ जहाजं) तालमीत वाढलेले. तेलाची चणचण विनाशिकेवरच्या माणसाला जितकी कळते तितकी इतर कुणाला कळत नाही. सहा विमानवाहू नौकांपैकी कागा, शोकाकू आणि झुइकाकू यांचा पल्ला बरा होता. आकागी, सोर्यू आणि हिर्यू तोकड्या. एक वेळ अशी आली की लांब पल्ल्याच्या तीनच नौका न्यायच्या आणि बाकीच्यांचे अनुभवी वैमानिक त्यांच्यावर चढवायचे, असा विचार पुढे आला. सोर्यू-हिर्यूच्या विभागाचे प्रमुख यामागुची तामोन यांनी त्याला कडाडून विरोध केला. शेवटी यामामोतोंनी आपला माणूस टोकियोला पाठवून राजीनाम्याची धमकी दिली, आणि १९ ऑक्टोबरला नागानोंनी सहाही नौकांसह योजना मान्य केली.

धमकीने संमती मिळते, तेल मिळत नाही. सहा नौका न्यायच्या ठरल्या त्या क्षणी प्रश्न दुप्पट झाला, कारण आता तीन तोकड्या नौकांना जगवत न्यायचं होतं. त्यात अमेरिकेने १ ऑगस्टपासून तेलाची विक्री बंद केलेली. जपानचं सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येत असे. या मोहिमेत जळणारं तेल परत मिळणारं नव्हतं.

उत्तरेची वाट

मार्ग तीन होते. दक्षिणेचा मार्शल बेटांवरून, मधला सरळ, आणि उत्तरेचा कुरिल बेटांपासून अल्युशियन बेटं आणि मिडवे बेट यांच्या मधून. पहिल्या दोन्ही वाटांवर समुद्र शांत आणि तेल भरणं सोपं, पण तिथे जहाजांची वर्दळ आणि अमेरिकी विमानांची गस्त. उत्तरेची वाट म्हणजे ४० अंश अक्षांशाच्या वरचा हिवाळा: धुकं, उंच लाटा, बोचरा वारा. व्यापारी जहाजं ती वाट टाळत. ज्या कारणासाठी ती टाळत, त्याच कारणासाठी जपान्यांनी ती निवडली.

निवड नुसती नकाशा बघून झाली नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस 'ताइयो मारू' हे प्रवासी जहाज योकोहामाहून होनोलुलूला निघालं. नेहमीचा मार्ग सोडून ते उत्तरेने गेलं. जहाजावर साध्या नावाखाली नौदलाचे अधिकारी होते. त्यांतले सुझुकी सुगुरू सगळा प्रवासभर वारा, लाटा, धुकं, दिसलेली जहाजं यांची टिपणं काढत होते. हवाईच्या जवळ येईपर्यंत एकही जहाज दिसलं नाही. होनोलुलूत थांबून त्यांनी बंदराची माहिती गोळा केली आणि परतल्यावर नोव्हेंबरमध्ये आकागीवर नागुमोंच्या अधिकाऱ्यांसमोर तोंडी मांडली. प्रवासी जहाजाच्या वेळापत्रकात लपवलेली ही टेहळणी मला सगळ्या तयारीतली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. खर्च नाही, धोका नाही, आणि मिळालेलं उत्तर पक्कं.

आता राहिलं तेल. ताफ्याबरोबर सात टँकर दिले गेले. हे मुळात व्यापारी टँकर, नौदलाने घेतलेले. चालत्या जहाजांनी एकमेकांशी दोर आणि नळी जोडून तेल घेणं ही त्या काळी जपानी नौदलासाठी रुळलेली गोष्ट नव्हती. नागुमोंचे चीफ ऑफ स्टाफ कुसाका र्युनोसुके यांनी त्याचा सराव करवून घेतला. दोन जहाजं सारख्याच वेगाने आणि सारख्याच दिशेने चालली पाहिजेत. लाटेने एक वर आणि एक खाली गेलं की दोर ताणतो. तुटला तर आसुडासारखा डेकवरून फिरतो. मोहिमेच्या वाटेवर तसं घडलं आणि माणसं समुद्रात गेली. ताफा त्यांच्यासाठी थांबू शकत नव्हता.

एवढं करूनही हवामानाने दगा दिला तर काय, ही टांगती तलवार होतीच. म्हणून आकागी, सोर्यू आणि हिर्यूवर तेलाची पिंपं भरली गेली, मिळेल त्या कोपऱ्यात, चिंचोळ्या वाटांतसुद्धा. विमानांचं पेट्रोल आणि बॉम्ब जिथे आहेत अशा जहाजावर सुटं तेल ठेवायचं हे कुठल्याही नौदलाच्या शिस्तीत बसणारं नाही. गोळा लागला असता तर जहाज चुलीसारखं पेटलं असतं. पण हल्ल्याआधी शत्रू भेटणार नाही या गृहीतावरच मोहीम उभी होती. इथे गुप्ततेनेच रसदीला परवानगी दिली असं म्हणता येईल: दिसणार नसू, तरच पिंपं चालतील.

विनाशिकांना मात्र पिंपांनी भागणार नव्हतं. लहान टाक्या आणि खवळलेला समुद्र, त्यामुळे त्यांना जवळपास रोजच टँकर लागे. ताफ्याचा वेग १२ ते १४ नॉटच्या (ताशी सागरी मैल) आसपास ठेवला, कारण टँकर त्यापेक्षा फार जोरात चालणारे नव्हते, आणि वेग वाढवला की तेलाचा खप त्याहून कितीतरी पटींनी वाढतो. शेवटच्या धावेतच तो २४ नॉटवर नेला.

हितोकाप्पू

ताफा जमवायला निवडलेली जागा म्हणजे कुरिल बेटांतल्या एतोरोफूवरचा हितोकाप्पू उपसागर. खोल, रुंद, बर्फाळ, आणि किनाऱ्यावर मासेमारांची तुरळक वस्ती. जहाजं वेगवेगळ्या बंदरांतून, वेगवेगळ्या दिवशी, एकेकटी निघाली. बेटाचा बाहेरच्या जगाशी असलेला टपाल-तारेचा संपर्क थांबवला गेला. जहाजांवर थंडीचे आणि उष्ण प्रदेशाचे असे दोन्ही प्रकारचे कपडे चढवले होते, म्हणजे कोठारात काम करणाऱ्यालाही दिशेचा अंदाज बांधता येऊ नये. रसदीच्या याद्या हा गुप्ततेतला सर्वांत दुर्लक्षित छेद असतो. लोकरीचे कोट मागवले की उत्तर, मच्छरदाण्या मागवल्या की दक्षिण. तो छेद इथे विचारपूर्वक बुजवलेला दिसतो.

कागा सगळ्यात शेवटी आली आणि तिच्या उशिरामागे एक महत्त्वाचं कारण होतं. पर्ल हार्बरची खोली जेमतेम १२ मीटर. विमानातून टाकलेला टॉर्पेडो आधी त्याहून खूप खोल बुडी मारतो आणि मग वर येतो, इथे तो चिखलात रुतला असता. लाकडी पंख बसवून ही बुडी उथळ करण्याचा मार्ग सापडला होता, कागोशिमाच्या उपसागरात सरावही झाला होता, पण सुधारलेले टॉर्पेडो कारखान्यातून वेळेत येईनात. कागा सासेबोला थांबून ते घेऊन आली. त्या खेपेला आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर हल्ल्याची तारीख तरी गेली असती किंवा टॉर्पेडो तरी.

२६ नोव्हेंबरला ताफा निघाला. बहुतेक खलाशांना आपण कुठे चाललो आहोत हे तोवर माहीत नव्हतं.

मौन कसं पाळतात

रेडिओ मौन म्हटलं की आपल्याला वाटतं, बोलायचं नाही, झालं. प्रत्यक्षात तीस जहाजांना धुक्यात एकत्र ठेवायचं, तेल भरायच्या वेळा ठरवायच्या, मागे पडलेल्याला शोधायचं, आणि हे सगळं दिवे व झेंड्यांच्या खुणांवर. मोहात पडून कुणी चुकून संदेश पाठवू नये म्हणून ट्रान्समीटर निकामी करून ठेवले होते, काहींचे आवश्यक भाग काढून घेतले होते.

ऐकणं मात्र चालू होतं. टोकियोहून ठरलेल्या वेळी, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, तोच संदेश पुन्हा पुन्हा प्रसारित होई. जहाजाने पोच द्यायची नाही. कुणाला मिळाला, कुणाला नाही, हे पाठवणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही, म्हणून पुनरावृत्ती हाच उपाय. २ डिसेंबरला असाच संदेश आला: 'निइताका डोंगर चढा, १२०८.' निइताका म्हणजे तैवानमधला डोंगर, त्या वेळच्या जपानी साम्राज्यातला सर्वांत उंच. आकडा तारखेचा, जपानी वेळेनुसार ८ डिसेंबर. तोपर्यंत वॉशिंग्टनची बोलणी यशस्वी झाली तर परत फिरायचं, असा हुकूम होता.

इकडे जपानच्या पाण्यात खोटा गलबला चालू ठेवला होता. प्रत्येक तारायंत्र चालकाचा हात ओळखू येतो. ठिपका-रेघांची लय माणसागणिक वेगळी असते आणि शत्रूचे श्रोते ती ओळखायला शिकलेले असतात. म्हणून विमानवाहू नौकांवरचे नेहमीचे चालक किनाऱ्यावर ठेवून त्यांच्याच हातून संदेश पाठवले जात. जहाजांची सांकेतिक नावं १ नोव्हेंबरला बदलली होती, ती १ डिसेंबरला पुन्हा बदलली. योकोसुकाच्या नौदल तळावरच्या खलाशांना टोकियोत मोठ्या संख्येने फिरायला सोडलं, रस्त्यावर खलाशी दिसले की आरमार घरीच आहे असं वाटावं म्हणून. 'तात्सुता मारू' हे प्रवासी जहाज २ डिसेंबरला अमेरिकेकडे निघालं. युद्ध पुढ्यात असताना कुठला देश आपलं मोठं जहाज शत्रूच्या बंदराकडे पाठवेल? त्याच्या कप्तानाला ठरल्या वेळी मागे फिरण्याचे हुकूम होते.

हवाईत अमेरिकी आरमाराचे गुप्तवार्ता अधिकारी एडविन लेटन यांनी २ डिसेंबरला आरमाराचे प्रमुख ॲडमिरल किमेल यांना जपानी जहाजांच्या ठिकाणांचा अहवाल दिला. विमानवाहू नौकांची जागा रिकामी होती. त्या डायमंड हेडला वळसा घालत असतील तरी तुम्हाला कळणार नाही का, असं किमेल यांनी विचारल्याचं लेटन यांनी नंतर साक्षीत सांगितलं. डायमंड हेड म्हणजे होनोलुलूला खेटून असलेला डोंगर. प्रश्न नेमका होता. पण या शांततेचा आधीचा अनुभव वेगळा होता: १९४१ मध्येच याआधीही जपानी विमानवाहू नौका अशाच गप्प झाल्या होत्या आणि तेव्हा त्या स्वतःच्याच पाण्यात होत्या. ऐकू येत नाहीत म्हणजे घरी आहेत, हा निष्कर्ष त्यातून आलेला होता.

या ताफ्याचे संदेश अमेरिकेने पकडले होते आणि दडपले, असे दावे अधूनमधून होत असतात. मला ते पटत नाहीत. ताफ्यावरच्या जपानी अधिकाऱ्यांनी मौन पाळल्याचं एकमुखाने सांगितलं आहे, आणि जपानी नौदलाची मुख्य सांकेतिक लिपी त्या वेळी अमेरिकेला फार थोडी वाचता येत होती.

ज्यांना ठाऊक नव्हतं ते

जपानची राजनैतिक सांकेतिक लिपी अमेरिकेने फोडलेली होती. टोकियो आणि वॉशिंग्टनमधल्या राजदूतावासातला जवळपास प्रत्येक शब्द अमेरिकी अधिकारी वाचत होते. जपान्यांना हे माहीत नव्हतं. तरी हल्ला फुटला नाही, कारण राजदूत नोमुरा किचिसाबुरो आणि खास दूत कुरुसु साबुरो यांना हल्ल्याची कल्पनाच दिलेली नव्हती. फुटलेल्या नळातून जे वाहत होतं त्यात मोहीम नव्हतीच.

होनोलुलूतल्या वकिलातीचंही तसंच. तिथे मार्च १९४१ पासून 'मोरिमुरा' या नावाने वावरणारा योशिकावा ताकेओ हा नौदलाचा माणूस टेकड्यांवरून, चहागृहातून, टॅक्सीतून बंदर न्याहाळत असे. कुठली जहाजं शनिवार-रविवारी आत असतात, टॉर्पेडोची जाळी आहे का, पहाटेची गस्त कुठल्या दिशेला जाते, हे तो कळवत होता. हल्ला कधी होणार ते त्यालाही सांगितलेलं नव्हतं. ६ डिसेंबरचा त्याचा शेवटचा अहवाल टोकियोमार्गे नागुमोंपर्यंत पोचला: युद्धनौका आहेत, विमानवाहू नौका नाहीत.

या काटेकोरपणाची किंमत मात्र शेवटी चुकवावी लागली. बोलणी थांबवल्याचं चौदा भागांचं पत्र वॉशिंग्टनमध्ये दुपारी एकला द्यायचं होतं. मजकूर गुप्त, म्हणून नेहमीच्या टंकलेखकाकडे देऊ नये असा हुकूम. ते काम एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अंगावर पडलं आणि त्याला टायपिंग धड येत नव्हतं. हवाईत ७:५५ म्हणजे वॉशिंग्टनला १:२५. पत्र हाती पडलं तेव्हा दोन वाजून गेले होते. त्या एका तासाने अमेरिकेत जो संताप पेटला त्याची भरपाई बुडवलेल्या कुठल्याही युद्धनौकेने होणारी नव्हती.

समोरच्यांना का दिसलं नाही

अमेरिकेला ही शक्यता सुचलीच नव्हती असं अजिबात नाही. फेब्रुवारी १९३२ मध्ये ॲडमिरल यार्नेल यांनी सरावात दोन विमानवाहू नौका घेऊन रविवारी पहाटे पर्ल हार्बर ज्या बेटावर आहे त्या ओआहूवर यशस्वी नकली हल्ला केला होता. ३१ मार्च १९४१ च्या मार्टिन-बेलिंजर अहवालात तर पहाटे विमानवाहू नौकांवरून अचानक हल्ला होण्याची शक्यता स्पष्ट लिहिलेली आहे. अडलं ते रसदीपाशीच. सगळ्या दिशांना रोज लांबवर गस्त घालायची तर विमानं, वैमानिक आणि सुटे भाग हवेत. १९४१ च्या ऑगस्टमध्ये १८० बी-१७ विमानांची मागणी केली गेली, एवढी विमानं त्या वेळी कुठून येणार? उत्तरेचा समुद्र मोकळाच राहिला.

आणि नजर दक्षिणेकडे खिळलेली होती. २७ नोव्हेंबरच्या युद्धइशाऱ्यात फिलिपिन्स, थायलंड, क्रा संयोगभूमी, बोर्नियो ही नावं होती. जपानचे सैन्य वाहून नेणारे काफिले खरोखरच तिकडे जात होते, आणि ६ डिसेंबरला ऑस्ट्रेलियन हडसन विमानाने त्यातला एक पाहिलाही. माझ्या मते सगळ्या फसवणुकींत हा पडदा सर्वांत दाट होता, आणि तो मुद्दाम विणलेला नव्हता. खरी, मोठी, दिसणारी हालचाल दक्षिणेला असताना उत्तरेच्या धुक्यात कोण शोधणार?

शेवटच्या काही तासांत मात्र गुप्तता जवळजवळ फाटली होती, आणि ती जपान्यांनीच फाडली. नागुमोंच्या ताफ्याखेरीज पाच छोट्या, दोन माणसांच्या पाणबुड्या बंदराच्या तोंडाशी सोडल्या होत्या. पहाटे ३:४२ ला एका अमेरिकी सुरुंगशोधक जहाजाला पेरिस्कोप दिसला. पावणेसातच्या सुमारास 'वॉर्ड' या विनाशिकेने एक पाणबुडी बुडवली आणि तसं कळवलं. पहिला बॉम्ब पडायला अजून तासाहून अधिक अवधी होता. त्या अहवालाची खातरजमा करण्यात अमेरिकनांनी तो घालवला, हे जपानचं नशीब. साडेतीनशे विमानांचा हल्ला लपवण्यासाठी महिनोन्‌महिने कष्ट करायचे आणि मग त्यांच्याआधी बंदराच्या दारात पाच पाणबुड्या पाठवायच्या, हा निर्णय कुठल्याही बाजूने समर्थनीय वाटत नाही. त्यांनी केलेलं नुकसान नगण्य, दहांतले नऊ जण मेले.

७:०२ ला ओआहूच्या उत्तर टोकावरच्या ओपाना रडारने १३२ मैलांवर विमानांचा मोठा थवा टिपला. कॅलिफोर्नियाहून बी-१७ विमानं येणार होती, तीच असतील असं समजून ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने काळजी करू नका म्हणून सांगितलं.

टाक्या तशाच राहिल्या

दोन लाटांत मिळून साडेतीनशे विमानं गेली, २९ परत आली नाहीत. अमेरिकेचे २,४०३ लोक मेले, चार युद्धनौका बुडाल्या. दुपारी दीडच्या सुमारास नागुमोंनी ताफा मागे वळवला. तिसरा हल्ला का केला नाही, यावर तेव्हापासून वाद आहे.

बंदराजवळच्या टाक्यांत सुमारे ४५ लाख पिंप तेल होतं, उघड्यावर, जमिनीच्या वर. ते जळलं असतं तर अमेरिकी आरमाराला कॅलिफोर्नियाला परतावं लागलं असतं. युद्ध दोन वर्षं लांबलं असतं असं किमेल यांच्या जागी आलेले ॲडमिरल निमिट्झ नंतर म्हणाले. विमानाचं पेट्रोल उतरवून नुकताच मोकळा झालेला 'निओशो' हा टँकर युद्धनौकांच्या रांगेजवळच उभा होता, तो हल्ल्यातच निसटला. ज्या देशाने तेलासाठी हे युद्ध पुकारलं त्याच्या हल्ल्याच्या मुख्य लक्ष्यांत शत्रूच्या तेलाला जागा नव्हती.

तरी नागुमोंना दोष देताना त्यांच्या बाजूचा हिशेब मांडायला हवा. टँकर आदल्या दिवशीच शेवटचं तेल देऊन वेगळे झाले होते. २४ नॉटच्या धावेने विनाशिकांच्या टाक्या उतरत होत्या. अमेरिकेच्या विमानवाहू नौका कुठे आहेत हे माहीत नव्हतं आणि शोधायला थांबावं तर तेल जळणार. तिसरी लाट परत येईतो अंधार पडला असता. मुख्य म्हणजे तोवर गुप्तता खर्च झालेली होती. मौनाच्या भरवशावर आणलेली पिंपं, टँकर आणि तोकड्या नौका आता जागं झालेल्या शत्रूच्या समोर उघड्या होत्या. दहा हजार मैल पल्ल्याचं आरमार असतं तर नागुमो दुसऱ्या दिवशीही राहू शकले असते. त्यांच्याकडे एका सकाळीपुरतं आरमार होतं. हा दोष त्यांचा कमी आणि घराजवळच्या लढाईसाठी जहाजं बांधणाऱ्यांचा जास्त, असं मला वाटतं. टाक्या सुरुवातीपासून लक्ष्यात न धरण्याचा दोष मात्र योजनाकारांच्या माथी राहतोच.

अमेरिकी विमानं ताफ्याला मुख्यतः दक्षिणेकडे शोधत राहिली. ठरल्या जागी टँकर पुन्हा भेटले, सोर्यू आणि हिर्यू वाटेतून वेक बेटावरच्या हल्ल्यासाठी वळल्या, बाकीचे २३ डिसेंबरला जपानच्या अंतर्गत समुद्रात पोचले.

सहा महिन्यांनी याच ताफ्यातल्या चार नौका मिडवेकडे निघाल्या तेव्हा परिस्थिती पालटलेली होती. पर्ल हार्बरचे हुकूम छापील कागदावर, हातोहात दिले गेले होते, कारण सगळी जहाजं घरच्या बंदरांत होती. आता आरमार हिंदी महासागरापासून मार्शल बेटांपर्यंत विखुरलेलं, त्यामुळे योजना रेडिओवरून कळवावी लागली. सांकेतिक लिपीची नवी पुस्तकं १ एप्रिलपासून लागू व्हायची होती. ती एवढ्या पसरलेल्या जहाजांना आणि तळांना वेळेत पोचवता येईनात, म्हणून तारीख १ मे झाली, मग मे महिन्याची अखेर. दरम्यान जुन्याच लिपीत मिडवेचे हुकूम गेले आणि होनोलुलूत जोसेफ रोशफोर्ट यांच्या तुकडीने ते पुरेसे वाचले. नवी लिपी सुरू झाली तोवर अमेरिकेच्या तीन विमानवाहू नौका कुठे थांबायचं ते ठरवून निघालेल्या होत्या. ४ जून १९४२ ला आकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या चौघींवर घाला पडला आणि त्यांतली एकही परत आली नाही.